घरातलं घरात

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या हद्दी मोजण्यात गेली. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. जामखेड, श्रीगोंदा असं फिरत राहिलो आणि शेवटी कर्जतला घर बांधून निवृत्त झालो. हातभर बांधासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली मी पाहिलेली आहेत. त्यामुळं आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे माणसाला जन्मतःच कळतं असा माझा समज होता. मोबाईल आले आणि तो समज गेला. जो माणूस बांधावरची वाळकी बाभळ सोडायला तयार नसायचा, तोच आपल्या घरातले बाळंतपणाचे, आजारपणाचे, बारशाचे फोटो कुठल्यातरी कंपनीच्या कोठारात नेऊन टाकायला लागला, आणि ते कोठार कुठल्या देशात आहे एवढंही विचारेना. सातबारा नाही, खरेदीखत नाही, चतुःसीमा नाही. आमच्या घरातही तेच चाललं होतं. मी तोंड वर करून बोलतो, पण मीही त्यातलाच.

आमच्याकडं या गोष्टीला तोंड फोडलं माझ्या बायकोनं. तेव्हा नात तान्ही होती. बायको न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून तिला पायावर आंघोळ घालायची आणि सूनबाई दारात उभी राहून मोबाईलवर फोटो काढायची. एका सकाळी सूनबाईच्या फोनवर त्या आंघोळीच्या फोटोंची एक फिल्म आपोआप तयार होऊन आली. मागं हळू आवाजात संगीत, वर गोड आठवणी वगैरे काहीतरी लिहिलेलं. आमच्यापैकी कुणी ती केलेली नव्हती. कंपनीच्या यंत्रानं परस्पर फोटो निवडले, ओळीनं लावले आणि आम्हालाच भेट म्हणून पाठवले. सूनबाई कौतुकानं दाखवायला आली. बायकोनं पदराला हात पुसत सगळं पाहिलं आणि विचारलं, "हे कुनी केलं?"

"कुणी नाही आई, आपोआप होतं ते."

"आपोआप कसं? कुनीतरी बघितल्याबिगर कसं कळंल, ह्ये आंघोळीचं हाय आन् ह्ये बारशाचं?"

बायकोनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, नातीची दृष्ट काढली, आणि मग त्याच मुठीनं मोबाईलचीही काढली. मी हसलो तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुढचा चहा मी माझ्या हातानं करून घेतला.

मुलगा पुण्यात एका कंपनीत संगणकाचं काम करायचा. आठवड्यातले काही दिवस पुण्यात, बाकीचे घरून. त्याला हा किस्सा सांगितला तेव्हा तो आधी पोट धरून हसला. मग त्यानं ती फिल्म पाहिली. "आईचं बरोबर आहे, आबा," म्हणाला. "कुणीतरी बघतंच. माणूस नसेल, यंत्र असेल, पण बघतं." त्यातच त्या कंपनीनं सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडायला सुरुवात केली होती, की तुमची जागा संपली, आता पुढं ठेवायचं तर पैसे भरा. फुकट फुकट म्हणून सगळ्या जगाला आत घ्यायचं आणि मग दार लावून भाडं मागायचं, याचा त्याला फार राग आला. राग आला की तो माझ्यासारखा बोलत सुटत नसे, कामाला लागत असे. हे त्याच्या आईचं.

मग काही आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. फोटो आणि कागदपत्रं आपल्याच घरात, आपल्याच यंत्रावर ठेवायची, आणि तरी कंपनीसारखीच फोनवरून बघता आली पाहिजेत, असं त्याचं चाललं होतं. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम म्हणे फुकट मिळतात. मी म्हटलं, परत फुकट? तो म्हणाला, "हे वेगळं फुकट, आबा. हे कुणा एकाच्या मालकीचंच नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात. आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता येतं, बदलता येतं."

"म्हणजे गायरान."

"गायरान. पण अतिक्रमण न झालेलं."

त्यानं एकेक प्रोग्रॅम आणून बसवून पाहिला. एकात फोटो, कागद, कॅलेंडर, हिशेब सगळं होतं, पण घरातल्या जुन्या संगणकाला त्याचं ओझं झेपेना, चढावर टेम्पो धापा टाकतो तसं ते करायचं. दुसरा फार हलका, पण तो नुसता एका फोनातलं दुसऱ्यात नेऊन ठेवायचा. आईनं बघायचं कुठं? तिसरा देखणा होता, पण लिहिणारी माणसं त्यात दर आठवड्याला काहीतरी बदलायची. शेवटी त्यानं फोटोंसाठी एक आणि कागदांसाठी एक असे दोन निवडले. मी विचारलं, हेच का? तो म्हणाला, "माझ्या दोन अटी होत्या. आईला बघता आलं पाहिजे, आणि मी नसताना तुम्हाला चालवता आलं पाहिजे." मी नसताना, म्हणजे तो पुण्यात असताना. तेव्हा त्या शब्दांचा एवढाच अर्थ होता.

ऑफिसनं मोडीत काढलेला एक छोटा संगणक त्यानं आणला. चपटा, काळा, जेवणाच्या डब्याएवढा. त्यात दोन डिस्क घातल्या. दोन्हीवर तेच ते, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. वीज गेली तर सांभाळायला खाली यूपीएस. हे सगळं टीव्हीच्या शेजारच्या कपाटात बसलं. बायकोनं त्याचं नाव डबा ठेवलं आणि चार दिवसांत त्याला झालर लावलेलं सुंदर कव्हर शिवलं. आमच्याकडं मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, मग यानंच काय घोडं मारलं होतं? दुपारपर्यंत आतला पंखा किंचाळायला लागला. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आबा, डबा एवढा तापतोय कशानं?" त्याला तिकडं बसून कळत होतं. आईला तो म्हणाला, "आई, त्याला श्वास घ्यायला लागतो गं." बायकोला हे लगेच पटलं. कव्हर काढून तिनं घडी करून ठेवलं, आणि रोज कोरड्या फडक्यानं डब्याची जाळी पुसायला लागली.

घरातल्या चौघांची चार खाती त्यानं काढली आणि चारी एकमेकांना जोडली. कुणीही कुठंही फोटो काढला तरी तो डब्यात यायचा आणि टीव्हीवर सगळ्यांना दिसायचा. बाहेरगावाहूनही फोटो घरी यायची वाट त्यानं काढून दिली होती. मी म्हटलं, हे सामाईक क्षेत्र झालं, पोटहिस्से पाडले नाहीत? "आपल्यात कसले पोटहिस्से, आबा?" तो म्हणाला. डब्याचा मुखत्यार त्यानं मला केलं. वीज जाऊन आली तर काय करायचं, रविवारी काय अद्ययावत करायचं, डिस्कची तब्येत कुठं बघायची, आणि रोज सकाळी डब्याच्या दारावर कोण येऊन गेलं, म्हणजे कुठल्या फोननं आत यायला मागितलं, त्याची यादी कशी वाचायची, हे सगळं शेजारी बसवून शिकवलं. चुकलो की चिडायचा नाही. मी त्याला लहानपणी गणित शिकवताना जसा वागलो त्याच्या अगदी उलट.

पुण्याला असला की संध्याकाळी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "आबा, दिवा चालू आहे ना?" डब्याच्या पुढं एक बारीक हिरवा दिवा होता, त्याची चौकशी. मी म्हणायचो, "आधी बाप जिवंत आहे का ते विचार." तो म्हणायचा, "तुम्ही फोन उचललात की. दिवा फोन उचलत नाही."

नात चार वर्षांची झाली होती. उसाचा हंगाम होता. पुण्याहून घरी येताना, मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

एक मात्र सांगतो. त्याचा फोन कुणीतरी पिशवीत घालून घरी आणून दिला. काच फुटली होती, पण फोन चालू होता. बाहेर असताना मुलगा नेट बंद ठेवायचा. घरात आल्यावर फोननं घर ओळखलं आणि दिवसभरात काढलेला एकच फोटो डब्यात आणून टाकला. टीव्हीवर तो आपोआप उमटला. दुकानाच्या काचेमागं ठेवलेली लाकडी भातुकली. नातीला आवडेल का, हे सूनबाईला विचारायला काढला असणार. घरात माणसं भरलेली होती आणि टीव्हीवर ती भातुकली. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

आमचं मूळ गाव भीमेच्या काठचं. दशक्रिया तिथं झाली. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकून उभे राहिलो. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग अशा वेळी करतात तसं एकेकानं पुढं होऊन त्याला शब्द द्यायला सुरुवात केली. माझा भाऊ म्हणाला, "तुझ्या पोरीचं शिक्षान आमी करू." कावळे जागचे हलले नाहीत. त्याच्या सासऱ्यांनी हात जोडून सांगितलं, लेकीला अंतर देणार नाही. त्याच्या मित्रांनी सांगितलं, मामांनी सांगितलं. ऊन चढत चाललं. बायका रडून थकल्या. मी या गोष्टी मानत नाही. तरी तिथं उभा राहून माझा जीव तीळ तीळ तुटत होता, की याचं काय राहिलं असेल? आणि मला त्याचा आवाज आठवला, रोज संध्याकाळचा. सगळ्या गावादेखत मी पुढं झालो आणि म्हणालो, "तुझा डबा बंद पडू देनार न्हाई, बाळा. घरातलं घरातच ठेवीन."

मागून कुणीतरी विचारलं, कसला डबा? तोवर कावळा खाली आला होता.

कावळ्याला भूक लागली असेल. मी आजही तसंच म्हणतो. पण शब्द दिला तो दिला.

वर्ष गेलं. सूनबाई आमच्याकडंच होती. सकाळी डबे भरायची, शाळेत शिकवायला जायची, संध्याकाळी नातीचा अभ्यास घ्यायची आणि जेवताना ताटाकडं बघत बसायची. तिचं वय बघवत नव्हतं. मी जामखेडला जाऊन तिच्या वडिलांना सांगितलं, पोरीचं दुसरं लग्न करा. ते रडले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात आदळायची आणि जायची. मग एक दिवस तिनंच सूनबाईच्या डोक्याला तेल लावता लावता तिला सांगितलं, "जा बाई तू. हितं बसून काय करनार हाईस?" आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मी बाहेर ओट्यावर होतो. मलाही रडू आलं, पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

सूनबाई नातीला घेऊन आधी जामखेडला माहेरी गेली. तिथून फोटो यायचे. नात शाळेच्या गणवेशात, नात पुढचा दात पडलेली, नात आजोळच्या शेळीला मिठी मारून. बायको सकाळचा चहा घेऊन टीव्हीपुढं बसायची आणि फोटो आला की "आली," म्हणायची, जणू पोरगी फाटक उघडून आत आलीय. सूनबाई फोनवर विचारायची, "आले का आबा फोटो?" सगळं उघड होतं, समजून-उमजून होतं.

मग संगमनेरचं स्थळ आलं आणि लग्न झालं. माणूस चांगला, निर्व्यसनी, पोरीसकट आनंदानं करून घेणारा. लग्नाला आम्ही गेलो नाही. गेलो असतो तर लोकांनी नवरा-नवरी सोडून आमची तोंडं बघितली असती. साडी-चोळी पाठवली, नातीला पैंजण पाठवले. त्यानंतर काही दिवस डब्यात काहीच आलं नाही. बायको म्हणाली, "संपलं." मीही तेच धरून चाललो होतो.

आणि एका सकाळी एकदम लोंढा आला. नवं घर, नवी फरशी, नातीची नवी शाळा, आणि भंडारदऱ्याचे फोटो. धरणाच्या पाण्यापुढं तो माणूस उभा आणि त्याच्या खांद्यावर आमची नात, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून हसतेय. बायकोनं कप खाली ठेवला.

"त्याच्या खांद्यावर बसलीय."

"व्हय."

"उंच हाय." टीव्हीजवळ जाऊन म्हणाली, "घट धरलंय त्यानं तिला."

तिच्या तोंडून त्या माणसाचं एवढं कौतुक निघेल असं मला वाटलं नव्हतं. सूनबाई फोनातली ती जोडणी काढायला विसरली असणार, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सांगायला हवं होतं. पण बायको कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली होती. आम्ही बघत राहिलो.

काही महिन्यांनी एक फोटो आला. त्या दिवशी बायको शेंगा फोडत बसली होती आणि मी पेपर वाचत होतो. टीव्हीवर सूनबाई होती. एकटी. आरशापुढं एका अंगानं उभी राहिलेली, पदर बाजूला केलेला, एक हात पोटावर. पोट दिसायला लागलं होतं. तो फोटो तिनं कुणासाठीच काढलेला नव्हता. स्वतःसाठी काढला असेल, फार तर नवऱ्यासाठी. सासऱ्यानं बघावा असा तो फोटो नव्हता, तोही आधीच्या घरच्या सासऱ्यानं. मी धडपडत उठलो आणि टीव्ही बंद केला. रिमोट शेजारीच असून तो सुचला नाही, भिंतीवरचं बटणच दाबलं.

बायको शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "पाचवा लागला असंल." आणि सूप घेऊन आत गेली.

मी त्या काळ्या पडद्यापुढं बसून राहिलो. कुणीतरी बघितल्याबिगर कसं कळंल, असं हिनं विचारलं होतं, आणि त्या एका प्रश्नावरून आमच्या पोरानं एवढा उद्योग केला होता. परक्यानं आपल्या घरात डोकावू नये म्हणून. आणि आता डोकावणारे परके आम्ही होतो. त्या कंपनीच्या यंत्राला निदान तिच्याविषयी काही वाटत तरी नव्हतं. आम्हाला वाटत होतं, म्हणून आमचं बघणं जास्त वाईट होतं.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, सूनबाईचं खातं काढून टाकतो.

"तुमी नदीवर शब्द दिलाय त्याला. डबा बंद करनार न्हाई म्हनून."

"डबा बंद करत न्हाई. तिच्याकडनं यायची वाट बंद करतोय."

"म्हंजी पोरगी बी दिसायची न्हाई."

"न्हाई."

"मग त्या डब्यात राहिलं काय?" ती ओरडली. आमच्या उभ्या संसारात ती माझ्यावर इतक्या जोरात ओरडली नव्हती. "लेक गेला, सून गेली, आता नात बी तुमीच घालवा!"

मी म्हटलं, घरातलं घरात ठेवीन असा शब्द दिला होता. तिचं घर आता संगमनेरला आहे. तिच्या घरातलं तिच्या घरात राहिलं पाहिजे. ती रडायला लागली. तिला पटलं होतं, म्हणून तर ती जास्तच रडली.

खातं काढायला बसलो तेव्हा प्रोग्रॅमनं बजावलं, की खात्याबरोबर त्यातले फोटोही जातील. म्हटलं, जातील तर जातील, आमच्या पोराचे त्याच्या खात्यात आहेतच. खात्री करावी म्हणून त्याचं खातं उघडलं. बायको आहे, सून आहे, नात तर हजारो ठिकाणी आहे, मी ओट्यावर घोरत पडलेलो आहे. तो कुठंच नव्हता. वर गेलो, खाली गेलो, तो नाहीच. फोटो काढणारा माणूस फोटोत कसा असेल? एका फोटोत नात अंगणात रांगतेय आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर त्याची सावली पडली आहे, हात वर, फोन धरलेला. त्याच्या सगळ्या खात्यात तो तेवढाच. त्याचा चेहरा जितका म्हणून होता, तो सगळा सूनबाईच्या खात्यात होता. तीच त्याचे फोटो काढायची. जेवताना, झोपलेला, दाढीचा फेस लावलेला, डब्याची वायर दातात धरून कपाटात डोकं घातलेला.

जन्मभर लोकांचे पोटहिस्से पाडले. हा पाडताना हात चालेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, संगमनेरच्या तिच्या शाळेत ती मोकळी असेल अशा वेळी, मी सूनबाईला फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. मग म्हणालो, "बाळ, तुझ्या फोनातले फोटो अजून इकडं येतायत. तू विसरली असशील. मी तुझं खातं काढतोय."

ती फोन घेऊन बाजूला गेली असावी, मागचा गलका कमी झाला. मग ती म्हणाली, "विसरले नव्हते, आबा."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"मी मुद्दामच चालू ठेवलं होतं. आईंना पोरगी दिसावी म्हणून. इथून रोज तुम्हाला फोटो पाठवले असते तर... हे काही बोलले नसते, पण घरात बाकीचे आहेत. म्हटलं, आपोआप जातायत तर जाऊ देत." मग तिनं हळूच विचारलं, "आबा, सगळे बघितले का तुम्ही?"

"छे. भंडारदऱ्याचे चार-दोन बघितले. पोरगी उंच झाली."

"आणि परवाचा... आरशापुढचा?"

"आरशापुढचा कुठला? तसला काही आला नाही इकडं."

तिला खोटं कळलं. मला तिचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, ही म्हणेल, राहू द्या आबा, काढू नका खातं. मी त्याची वाट बघत होतो, आणि तिनं ते म्हणू नये असंही मला वाटत होतं. ती म्हणाली नाही.

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "त्याचे फोटो सगळे तुझ्या खात्यात आहेत. ते आम्ही ठेवून घेऊ का?"

माझ्याच पोराचे फोटो मी मागून घेत होतो, आणि ते मागून घेण्यासारखेच होते, कारण काढलेले तिनं होते. ती रडायला लागली. "ठेवा ना आबा. इथं ठेवून मी ते कुठं बघणार? पोरगी मोठी झाली की दाखवा तिला तुम्ही." मग तिला कुणीतरी हाक मारली, तास भरला असेल. "आईंना सांभाळा," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

लग्नाच्या दिवसावर मी हद्द धरली. त्याच्या अलीकडचं सगळं आमच्याकडं उतरवून घेतलं, पलीकडचं एकही न उघडता नुसत्या तारखेवरून वेगळं केलं. तिच्या फोनात ते होतंच. मग खातं काढलं. प्रोग्रॅमनं विचारलं, नक्की काढायचं का? काढलं. दिवा चालूच होता. सकाळी बायको चहा घेऊन टीव्हीपुढं बसली, तर सगळ्यात शेवटचा फोटो नातीच्या मेंदी लावलेल्या तळहाताचा होता, आईच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा. ती त्या हाताकडं बघत चहा प्यायली.

हे इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण रोज सकाळी डब्याच्या दारावर कोण आलं ते बघायची सवय मुलानं मला लावली होती. दुसऱ्याच दिवशी तिथं सूनबाईच्या फोनची नोंद दिसली. आत येऊ मागत होता, नाकारलं. दुपारी परत, नाकारलं. फोनमधली जोडणी काढायला ती विसरली होती, की तिनं ती मुद्दाम ठेवली होती, हे मी विचारायला गेलो नाही. ती फोटो काढत होती आणि तो फोन आपला आमच्या दाराशी येऊन कडी वाजवत होता, आणि दार मी लावलेलं होतं. प्रत्येक नोंदीमागं एक फोटो होता. कधी एकापाठोपाठ ओळीच्या ओळी यायच्या. मी मनाशी म्हणायचो, आज वाढदिवस असेल, आज शाळेचं गॅदरिंग असेल. मधे काही दिवस इतक्या ओळी आल्या की मला कळलं, बाळ झालं. मी बायकोला यातलं काही सांगितलं नाही. पण सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आधी मी ती यादी उघडायचो. दार उघडणार नव्हतोच. तरी कडी वाजली की बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात एक दिवस यादीत तिच्या फोनचं काहीच नव्हतं. म्हटलं, फोन चार्ज केला नसेल. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी उठून इंटरनेटची वायर काढून परत लावली, यूपीएस बघितला, दोन्ही डिस्क तपासल्या, डबा बंद करून चालू केला. सगळं ठीक होतं. कशातच काही बिघाड नव्हता.

मला कपाटात डोकं घालून बसलेलं बघून बायको फडकं घेऊन आली.

"काय झालं? बंद पडला का काय?"

"न्हाई," मी म्हणालो. "चालू हाय."